आधी पाणी, मग सुई

गणपतने यमुनेचा डावा हात मनगटाला धरला आणि उकळत्या तपेल्यात कोपरापर्यंत घातला.

"काढ," तो म्हणाला. "आमच्या आयेचं लुगडं काढ भायेर."

तिने लुगडं काढलं नाही. ओरडलीही नाही. विळीवर बोट कापलं की तोंडातून जसा श्वास निघतो तसा एकदा निघाला, तेवढाच. मग उजव्या हाताने तिने शेजारी पडलेलं धोपटणं उचललं, कपडे बडवायचं, बाभळीच्या लाकडाचं, आणि त्याच्या कानावर घातलं. मी विहिरीवर होते, तिथे मला आवाज आला. गणपत मागच्या मागे केळीत पडला. त्याच्या कानातून रक्त आलं. त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही.

परसाच्या दारात त्याची आई उभी होती, ठकूबाय. ती मुलाकडे धावली नाही आणि यमुनेकडेही नाही. ती तपेल्याशी गेली, आत वाकून बघितलं आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. मी भरलेली कळशी उचलली आणि यमुनेच्या हातावर ओतली. पाण्याबरोबर कातडी खाली आली. यमुनेने ती बघितली आणि मला म्हणाली, "जाळ कमी कर गो. उतू जाईल."

हे सगळं एका लुगड्यावरून झालं. गोधडी शिवण्याआधी ते धुवायचं की नाही, एवढाच वाद होता.

यमुना माझी शेजारीण. रोह्याला आमच्या घरांची भिंत एक आणि विहीरही एक. ती पेणच्या बाजूची, धरमतरच्या खाडीकाठची. बाप मिठागरावर मजूर होता. लहानपणी तीही मिठात उभी राहिली होती, त्यामुळे तिच्या टाचांना भेगा होत्या त्या मरेपर्यंत भरल्या नाहीत. उंच, हाडापेराने दणकट बाई. आवाज मोठा. सकाळी मिश्री लावून ती परसात बसली की चूळ थुंकायच्या आधी कोणाला तरी शिवी द्यायची, मला, कोंबडीला, नाहीतर देवाला. एक कान वरच्या कडेला फाटलेला होता. नवऱ्याने बुगडी ओढून काढली होती, कानासकट.

अख्ख्या रोह्याच्या गोधड्या ती शिवायची. दुपारी माझी भांडी झाली की मी तिच्याकडे जाऊन बसायची आणि टाके घालायची. माझा टाका मोठा पडला की ती सुई माझ्या मांडीत टोचायची आणि म्हणायची, "एवढ्या भोकातून उंदीर जाईल." एकदा रक्त आलं तर म्हणाली, कापडावर सांडू नको.

तिचा एकच नियम होता. कापड कसलंही असो, नवं, जुनं, सावकाराच्या घरचं की कातकऱ्याच्या झोपडीतलं, आधी ते तिच्या तपेल्यात जायचं. परसात तीन दगडांची चूल, त्यावर तांब्याचं मोठं तपेलं, पाण्यात धुण्याचा सोडा. उकळायचं, दगडावर आपटायचं, धोपटण्याने बडवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि मगच सुई हातात घ्यायची. "आधी पाणी, मग सुई," असं ती म्हणायची, आणि कोणी का विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

का ते मला बघून बघून कळलं. कोरा मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतो. आतले जुने थर आधीच आटलेले असतात. न धुता वर नवं कापड लावलं तर पहिल्याच धुण्याला वरचं आखडतं, आतलं तसंच राहतं, टाके तटातट तुटतात आणि गोधडीचे गोळे होतात. शिवाय रंग जातो, खळ राहिली तर झुरळं येतात. कापड धुवून आलं की ती दोन मुठींत धरून असं ताणायची की जुनं असेल तर टर्रकन फाटायचं. फाटलं तर म्हणायची, "बरं झालं, आत्ताच मेलं."

एकदा पेणची एक बाई आली. घरची चांगली, अंगावर सोनं. मुलीच्या लग्नात द्यायची गोधडी होती आणि लाल भडक कोरं कापड तिने आणलं होतं. तिने सांगितलं की लग्नातलं कापड कोरंच हवं, पाणी लागलं की ते जुनं झालं, अपशकून होतो. यमुनेने ऐकून घेतलं. कापड हातात घेतलं, हुंगलं, आणि त्या बाईच्या डोळ्यांसमोर तपेल्यात टाकलं. सगळं पाणी लाल झालं. बाईने यमुनेच्या थोबाडीत मारली. यमुनेने परत मारली. मग दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून धुण्याच्या दगडाजवळच्या चिखलात पडल्या. मी सोडवायला गेले तर कोणीतरी माझ्या अंगठ्याला चावलं. कोण चावलं ते अजून कळलं नाही. शेवटी दोघी दमल्या. यमुनेने आपला पांढरा पंचा त्या पाण्यात बुडवून वर काढला, तो लाल झालेला तिला दाखवला आणि म्हणाली, "हे तुझ्या जावयाच्या अंगाला लागलं असतं पहिल्या राती." बाई हसायला लागली. मग चहा पिऊन गेली. गोधडी न्यायला आली तेव्हा बहिणीलाही घेऊन आली.

यमुनेचा नवरा धरमतरच्या धक्क्यावर बार्जमधला माल उतरवायचा. पंधरवड्याने घरी यायचा, दारू पिऊन यायचा आणि तिला मारायचा. पट्ट्याने, लाथेने, हाताला येईल त्याने. भिंत एक असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. माझा नवरा एकदा सोडवायला गेला तर यमुनेनेच त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी सुजल्या डोळ्याने सुईत दोरा ओवत बसलेली असायची. ओवता आला नाही तर माझ्याकडे द्यायची.

एका संध्याकाळी तिने पैसे दिले नाहीत म्हणून त्याने तयार झालेली गोधडी उचलली आणि कोयत्याने मधोमध फाडली. ती गोधडी कोणा बाळंतिणीसाठी शिवलेली होती. मी कुंपणाशी होते, मला दिसत होतं. यमुना उठली, धोपटणं घेतलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. कोयता खाली पडला. तिने परत हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

"मला मारतोस ते तुझं माझं," ती म्हणाली. "गोधडी दुसऱ्याची हाय."

मग तीच त्याला बैलगाडीत घालून हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्यानंतर तो धरमतरलाच राहिला. तिकडेच खाडीत पडून मेला असं म्हणतात. यमुना दहाव्याला गेली, परत आली आणि त्याचे दोन सदरे तपेल्यात टाकले.

आता ठकूबायचं सांगते.

निडीच्या पलीकडे वाडीत ठकूबायचं घर. भात आणि वाल पिकवणारे लोक, पिढ्यान् पिढ्या तिथले. तिला दोन मुलगे, मोठा गणपत, धाकटा महादू. चुलत घरातला शिवा. महादू आणि शिवा लहानपणापासून एकत्र वाढलेले, एका ताटात जेवलेले. लावणीच्या दिवसांत बांध फोडून पाणी कोणी घेतलं यावरून दोघांत बाचाबाची झाली. शिवाच्या कमरेला कोयता होता. त्याने महादूच्या मानेवर घातला. ठकूबाय शेजारच्या खाचरात लावणी करत होती. ती चिखलातून धावत आली आणि अंगावरचं लुगडं सोडून तिने मुलाच्या मानेभोवती गुंडाळलं. भर शेतात, सगळ्या माणसांसमोर. लुगडं भिजून जड झालं, तरी रक्त थांबलं नाही. महादू तिच्या मांडीवर मेला.

पोलिसांनी कोयता नेला, महादूचा सदरा नेला. म्हातारीच्या लुगड्याची आठवण कोणाला झाली नाही. तिने ते तसंच वाळवलं, कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवलं. शिवाला जन्मठेप झाली. महादूची बायको सुमन तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला, त्याचं नाव रघू ठेवलं.

आमच्याकडे बाळाची गोधडी आजीच्या लुगड्याची करतात. जुनं, मऊ, आजीने वर्षानुवर्षं अंगावर वागवलेलं. त्यात वावगं काही नाही, सगळीच करतात. ठकूबाय रघूची गोधडी करायला आली तेव्हा मी यमुनेपाशीच बसले होते. बरोबर सुमन होती, मांडीवर पोर. ठकूबायने गाठोडं सोडलं. तीनचार लुगडी आणि शेवटी ते. तपकिरी पडलेलं, पुठ्ठ्यासारखं ताठ. घडी उलगडताना त्यातून वाळल्या रक्ताच्या खपल्या पडल्या.

"हे मधे घाल," ठकूबाय म्हणाली. "सगळ्यात आत. आन् हे धुवायचं नाय."

"न धुतलेलं मी शिवत नाय."

"बाकीचं धू. हे नाय. हा याच्याखाली निजेल. मिशी फुटली की मी गोधडी उसवीन आन् याला दाखवीन. हे तुझ्या बापाचं रगत. तोवर शिवा सुटून येल."

सुमन खाली बघत होती. पोर तिचं बोट चोखत होतं. यमुनेने ते लुगडं हातात घेतलं, नाकाशी नेलं, शिळं कालवण आपण जसं हुंगतो तसं हुंगलं आणि बाजूला ठेवलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ठकूबायला वाटलं, ठरलं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, बायने धुवू नको सांगितलंय. यमुना म्हणाली, "मी बहिरी हाय काय?" मग उठली, ते लुगडं मातीच्या कुंडात घातलं, वर गार पाणी ओतलं आणि दोन मुठी खडे मीठ टाकलं. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग पक्का होतो, मग तो काही केल्या जात नाही. गार पाणी आणि मीठ. हे ती मिठागरावर शिकली होती, तिथे पाय रोजच फाटायचे. संध्याकाळपर्यंत तिने पाणी पुन्हा पुन्हा बदललं. आधी काळं, मग लाल, मग फिकट, आणि शेवटी नुसतं पाणी. मी बघत होते. मला विचाराल तर मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. लुगड्यात डाग राहिला नव्हता, तरी तिच्या नियमाप्रमाणे ते बाकीच्यांबरोबर सोड्यात उकळायला गेलंच. ठकूबाय आणि गणपत बाजाराला आले होते, जाता जाता डोकावले. ठकूबायने तपेल्यात आपल्या लुगड्याचा काठ ओळखला आणि किंचाळली, माझ्या पोराचं रक्त उकळलं या बाईने. गणपत धावला. पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय.

मुद्दा असा की तपेल्यात रक्त नव्हतंच. वाचवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. यमुना एक वाक्य बोलली असती तर कदाचित हात वाचला असता. मी तिला नंतर एकदा विचारलं, का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर पाण्यात घातला नसता," ती म्हणाली. "चुलीत घातला असता."

पोलिसांत कोणी गेलं नाही. यमुना म्हणाली, त्याचा कान गेला, माझा हात गेला, फिटलं. सरकारी दवाखान्यात ती बरेच दिवस पडून होती. पट्ट्या बदलताना नर्स रडायची आणि यमुना तिला शिव्या द्यायची. हात बरा झाला पण बोटं आत वळली ती वळलीच, पक्ष्याच्या पायासारखी. त्या हाताने तिला सुईसुद्धा धरता येईना. मग मनगटाने कापड दाबायचं, पायाच्या अंगठ्याखाली ताणायचं आणि उजव्याने शिवायचं, असं ती शिकली. टाका पूर्वीएवढाच बारीक. माझ्या मांडीत टोचणंही सुरूच.

पहिली गोधडी तिने तीच पुरी केली, रघूची. ते लुगडं मधोमध घातलं, ठकूबायने सांगितलं होतं तसं. न्यायला सुमन एकटी आली, चालत, पोर कडेवर. म्हणाली, सासू ही घरात घेऊ देणार नाही.

"पोराच्या अंगावर घालून ने," यमुना म्हणाली. "पोराला तर घेतील. आन् मुतलं की लगेच धू. वास राहिला तर माझं नाव सांगू नको."

सुमन तिच्या पाया पडायला वाकली. यमुनेने पाय मागे घेतला आणि तिला हाकललं.

पुढे धाटावला कंपन्या आल्या, रेल्वे आली, निडीला स्टेशन झालं. रघू वाढला. ठकूबाय त्याला रोज निजवताना तीच गोष्ट सांगायची, बांध, कोयता, मान. गणपत त्याला कोयता कसा धरायचा ते शिकवायचा. हे सुमन मला सांगायची, बाजारात भेटली की. पोर ऐकायचं आणि झोपायचं.

मिशी फुटली तेव्हा ठकूबायने खरंच गोधडी उसवली. सुमन घरातच होती. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिने टाके तोडले, थर बाजूला केले, मधलं लुगडं ओढून काढलं आणि उजेडात धरलं. सगळीकडून हात फिरवला. ते मऊ, पांढुरकं, धुवून धुवून विरलेलं होतं.

"हितं व्हतं," ती म्हणाली. "हितं, काठाला."

रघूने वाकून बघितलं. "आजी, हितं काय नाय," तो म्हणाला आणि चेंडू घेऊन बाहेर गेला. ठकूबाय संध्याकाळपर्यंत ते लुगडं चाचपत बसली होती. त्या पावसाळ्यात ती गेली.

शिवा सुटला तो ठाण्याला बहिणीकडे राहिला, बरीच वर्षं. म्हातारा झाला तेव्हा घर बघायला म्हणून निडी स्टेशनवर उतरला. गणपतला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. रघू तेव्हा कंपनीत लागलेला होता. गणपतने त्याला सकाळी उठवलं आणि सांगितलं, आज कामावर जायचं नाय, माझ्याबरोबर यायचं. दुसरा कोयता घासून ठेवला होता. रघूने अंघोळ केली. सुमनने डबा भरला. तो म्हणाला, "काका, माझी शिफ्ट हाय," आणि सायकल काढली. गणपत त्याच्या मागे बांधापर्यंत शिव्या देत गेला. नामर्दा म्हणाला, बापाचं रक्त विसरलास म्हणाला. रघूने मागे बघितलं नाही. सुमन दारात उभी होती. तिने मला सांगितलं, मी चौकट घट्ट धरून ठेवली होती, तो वळेल म्हणून.

गणपत दोन्ही कोयते कमरेला लावून एकटा गेला. स्टेशनच्या वाटेवर दोन म्हातारे एकमेकांना भिडले. गणपतने शिवाच्या डोक्यात कोयता घातला. शिवाने पडता पडता त्याचा दुसरा कोयता ओढून घेतला आणि त्याच्या पोटात घुसवला. बघणारे लोक लांब उभे राहिले, कोणी मधे पडलं नाही. शिवा वाटेवरच मेला. गणपतला टेम्पोत घातलं, तो दवाखान्याच्या दाराशी मेला.

मला संध्याकाळी कळलं. मी कुंपणातून यमुनेकडे गेले. ती धुणं पिळत होती. लुगड्याचं एक टोक पायाखाली दाबलेलं आणि दुसरं टोक उजव्या हाताने पिळत होती, सगळं अंग वाकवून. मी सांगितलं, गणपत आणि शिवा दोघे मेले. ती पिळायची थांबली नाही.

"पोरगा?"

"कामावर होता."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "ते टोक धर गो, बघत काय बसलीस." मी धरलं. आम्ही दोघींनी पिळून ते दोरीवर टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला ताप आला आणि तीही गेली. लोक म्हणतात तिच्या हातामुळे रघू वाचला. मला ते कळत नाही, आणि तिलाही असलं बोललेलं आवडलं नसतं.

रघू रोह्याजवळच वरसेला राहतो. त्याला दोन मुली आहेत. सुमन त्याच्याकडे असते, तिला आता ऐकू कमी येतं. त्या सगळ्यातून आम्ही तिघं राहिलो.